छोट्या हौशी बँडमध्ये डबल बेस वाजवणारं इथे कुणी आहे का?

खर्जातला · ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कालच गॅलॅक्सहून परतलो. बोटं अजून ठणकताहेत आणि कानातला बँजो थांबत नाहीये, म्हणून हा धागा काढतो आहे.

गॅलॅक्स हे व्हर्जिनियाच्या डोंगरातलं लहानसं गाव. १९३५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे फिडलवाल्यांचा, म्हणजे लोकधाटणीने व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा, मेळा भरतो. मंचावर स्पर्धा चालतात, पण मी जातो तो मागच्या मैदानासाठी. तंबू आणि गाड्या यांच्यामधल्या जागेत पाच-सहा अनोळखी माणसं गोल करून उभी राहतात आणि रात्री दोनपर्यंत वाजवत बसतात. अशा गोलात गिटारं सहा चालतात, फिडली तीन चालतात, बेस, म्हणजे डबल बेस, व्हायोलिनच्या घराण्यातलं माणसाएवढं खर्जाचं वाद्य, मात्र एकच. दुसरा बेसवाला आला तर तो आपलं वाद्य आडवं ठेवून ऐकत राहतो, आणि तीन-चार गाण्यांनंतर पहिला त्याला जागा देतो. खालचे दोन आवाज केसभर मागेपुढे झाले तरी सगळ्या गोलाची लय गढूळ होते, म्हणून ही रीत.

मी मूळचा सांगलीचा, आता राहायला नॉर्थ कॅरोलायनात, रालीजवळ. आमचा पाच जणांचा ब्लूग्रास (बँजो-फिडलवर चालणारं अमेरिकेतलं डोंगराकडचं संगीत) बँड आहे आणि त्यात मी नऊ वर्षं बेस वाजवतो. बँजोवाले काका टपालखात्यातून निवृत्त झालेत, फिडलवाली बाई शाळेत गणित शिकवते, मँडोलिनवाला प्लंबर आहे, गिटार आणि गाणं एका परिचारिकेकडे. दर मंगळवारी काकांच्या गॅरेजमध्ये तालीम. महिन्यातून एक-दोनदा शेतकरी बाजारात, चर्चच्या जेवणाला, कुणाच्या लग्नात वाजवतो. पैसे मिळाले तर पेट्रोल सुटतं.

आई गाणं शिकवायची, त्यामुळे माझं लहानपण तंबोऱ्याच्या मागे गेलं. चौथी तार, खर्जाची, ती छेडायला मिळावी म्हणून मी भांडायचो. इथे आल्यावर एका बाजारात डबल बेस पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून ऐकला आणि तीच तार आठवली. आवाज कानात शिरायच्या आधी छातीच्या पिंजऱ्यात शिरला.

मराठीत या वाद्याबद्दल कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही. कुणी वाजवत असाल, वाजवायचा विचार असेल, तर या. मला यावर खूप बोलायचं आहे.

नवी तार · ११ ऑगस्ट, रात्री ११:०५

मी! म्हणजे अजून वाजवत नाही, पण वाजवायचा आहे. मी पुण्यात असते. आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी जुनी स्विंग गाणी वाजवतो : दोन गिटार, एक क्लॅरिनेट, आणि मी आत्तापर्यंत कहोनवर, म्हणजे बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर. बेस नसल्यामुळे सगळं हवेत लटकल्यासारखं वाटतं. प्रश्न बरेच आहेत. हे वाद्य माझ्यापेक्षा उंच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. जमेल का? आणि नक्की काय वाजवायचं असतं? यूट्यूबवर बघते तेव्हा तो माणूस किती थोडं वाजवतोय असं वाटतं, पण तो थांबला की गाणंच बसतं.

खर्जातला · १२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

नवी तार, तुमचं शेवटचं वाक्य मी बँजोवाल्या काकांना इंग्रजी करून ऐकवणार आहे.

आधी उंचीचं. आपण जो बेस बघतो तो बहुतेक वेळा पाऊण मापाचा असतो. तेच आता रूढ माप आहे, पूर्ण मापाचे फार कमी दिसतात. उंची सहा फुटांच्या आसपास, वजन दहा किलोच्या आगेमागे. खाली पिन असते, ती आतबाहेर सरकवून उंची जमवता येते. तारेवर उजवा हात सहज, खांदा न उचलता पडला पाहिजे. मानेचा वरचा भाग डोक्याच्या वर जातो, जाऊ द्या. मिसी रेन्स ही वेस्ट व्हर्जिनियाची बाई १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम बेसवादकाचा पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरली, आणि पुढेही तिने तो अनेकदा मिळवला. उंचीवरून स्वतःला नकार देऊ नका.

आता काय वाजवायचं. हे मी आपल्या भाषेत सांगतो, कारण मला स्वतःला ते तसंच समजलं. तारा चार : ई, ए, डी, जी. म्हणजे पेटीवरची पांढरी ३, पांढरी ६, पांढरी २, पांढरी ५. गिटारच्या जाड चार तारा, एक सप्तक खाली. सगळ्यात खालच्या ई तारेचं आंदोलन सेकंदाला फक्त ४१.

समजा गाणं पांढरी ५ मध्ये आहे. तो सा. ब्लूग्रासच्या असंख्य गाण्यांत तीनच स्वरसंगती (कॉर्ड) फिरत असतात : सा ची, म ची आणि प ची. बेस प्रत्येकीचा मूळ स्वर आणि त्याचा पंचम आलटून पालटून देतो. सा च्या संगतीवर सा, प, सा, प. म च्या संगतीवर म आणि वरचा किंवा खालचा सा. प च्या संगतीवर प आणि रे. एवढंच. तंबोरा जसा सा-प धरून ठेवतो, तसंच. फरक असा की हा तंबोरा गाण्याबरोबर चालत जातो, आणि प्रत्येक स्वर ठरलेल्या क्षणीच पडावा लागतो.

दोन मोजायच्या ठोक्यांत पहिला बेसचा, दुसरा मँडोलिनचा. मँडोलिनवाला तारा दाबून लगेच सोडतो, 'चक्' असा कोरडा आवाज निघतो. धूम-चक्, धूम-चक्. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, तो या दोघांत वाटलेला असतो. हाच ढाचा ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या बँडने घालून दिला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज त्यात बँजो घेऊन आला, आणि १९४६-४७ ची त्यांची ध्वनिमुद्रणं पुढच्या सगळ्यांना वस्तुपाठ झाली. त्यांत बेसवर हॉवर्ड वॉट्स आहे. चांगले हेडफोन लावून फक्त त्याला ऐका. मोबाईलच्या स्पीकरमधून बेस ऐकूच येत नाही, त्यातून येतात ते बेसचे वरचे उपस्वर.

ठेका · १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

ठाण्याहून एक तबलजी. धागा आवडला. पण तंबोऱ्याची उपमा मला पटली नाही. तुम्ही जे सांगताय तो सरळ ठेका आहे. बेस म्हणजे बायाँ (डग्गा), मँडोलिन म्हणजे चाट (तबल्याच्या काठावरचा कोरडा ठोका). तंबोरा लयीत नसतो, त्याला सम माहीत नसते.

खर्जातला · १२ ऑगस्ट, रात्री ८:१५

ठेका, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. लयीच्या बाजूने बघितलं तर बायाँच. पण बायाँ सूर बदलून गाण्याला 'आता म वर चल' असं सांगत नाही. मी तसं सांगतो, आणि चुकीचं सांगितलं तर गाणारी चुकते. आमच्या परिचारिकाताई डोळे मिटून गातात. एकदा मी म च्या जागी सा वरच राहिलो. त्या इतक्या अनुभवी असूनही त्यांचा सूर डळमळला, आणि गाणं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरलेलो नाही. रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्या दिवशी मला समजलं की त्या माझ्या स्वरावर पाय ठेवून उभ्या असतात.

आणि एक गोष्ट तबल्याहून वेगळी : स्वर कुठे सुरू होतो तेवढाच तो कुठे संपतो हेही महत्त्वाचं. पहिली दोन वर्षं मी प्रत्येक स्वर पुढच्या स्वरापर्यंत घुमू द्यायचो. बँड जड वाटायचा, कारण कळत नव्हतं. काकांनी सांगितलं, मँडोलिनचा 'चक्' पडायच्या क्षणी तुझा स्वर थांबव. डाव्या हाताचं बोट किंचित सैल केलं की तार मिटते. तेवढ्याने सगळा बँड एका बाजूने उचलल्यासारखा हलका झाला. संथ गाण्यात, तीन मात्रांच्या गाण्यात मात्र स्वर पूर्ण लांबवायचा. हा निर्णय दर गाण्याला, कधी कधी दर ओळीला घ्यावा लागतो. स्वर दोनच असतात, पण त्यांच्या लांबीत सगळं काम असतं.

ठेका · १२ ऑगस्ट, रात्री ८:४०

डग्ग्यावर हात ठेवून घुमारा बंद करतो तसं. आता पटलं. या वाद्यावर मींड निघते का, ते बघू पुढे.

वादी-संवादी · १३ ऑगस्ट, पहाटे १:२०

जर्मनीतून, श्टुटगार्टच्या जवळून लिहिते. मी इथल्या एका हौशी वाद्यवृंदात बेस वाजवते, म्हणजे गजाने. नवी तार, माझा कळकळीचा सल्ला : सुरुवात गजानेच करा, पुढे पिझिकाटो, म्हणजे बोटाने छेडून, वाजवायचं असलं तरी. बोटाने छेडलेला स्वर पटकन विरतो, त्यात बेसूरपणा लपतो. गजाचा स्वर लांब चालतो, तिथे काही लपत नाही.

आणि डाव्या हाताची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यायला हवी. पडदे नाहीत. तारेची लांबी साधारण १०५ सेंटिमीटर. त्यामुळे मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर जवळजवळ सहा सेंटिमीटरवर येतो. गिटारवर हेच अंतर साडेतीन-पावणेचार असतं. चार बोटांना चार अर्धस्वर असं गिटारसारखं इथे जमतच नाही. म्हणून फ्रान्झ झिमांडलच्या पद्धतीत पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याच्या पाठीशी उभं राहतं. एका जागी हात ठेवून एकाच पूर्ण स्वराचं अंतर मिळतं, पुढच्यासाठी अख्खा हात सरकवायचा. एकोणिसाव्या शतकातली पद्धत आहे, पण आजही पहिल्या धड्याला तीच समोर येते.

गज दोन प्रकारचे असतात : फ्रेंच आणि जर्मन. जर्मन गज हात खालून धरून, हस्तांदोलनासारखा पकडतात. मी तो वाजवते, मनगटाला त्रास कमी होतो.

खर्जातला · १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

वादी-संवादी, झिमांडलबद्दल पूर्ण सहमत. मी दोन वर्षं गिटारसारखी चार बोटं ताणत बसलो आणि मनगट धरलं. ते सरळ व्हायला वर्ष गेलं. अंगठा मानेच्या मागे, दुसऱ्या बोटाच्या समोर. अंगठ्याने चिमटा काढायचा नाही, हाताचं वजन कोपरातून मागे ओढू द्यायचं. उजव्या हाताने छेडताना बोटाचं टोक नको, तर्जनीची कडेची मांसल बाजू तारेवर आडवी ठेवायची आणि दंडातून ओढायची. टोकाने छेडलं तर आवाज बारीक येतो आणि फोडही लवकर येतो. फोड आला की थांबायचं. फोडावर वाजवलं तर पुढचे दोन आठवडे जातात, हे मी एका लग्नाच्या आदल्या दिवशी शिकलो.

पण 'गजानेच सुरुवात' याला माझा थोडा विरोध आहे. गज, रोझिन (गजाला लावायची राळ), शिक्षक हे सगळं जमेपर्यंत ही मुलगी थांबली तर तिचे मित्र बेसशिवायच राहतील. मी म्हणेन, पहिल्या दिवसापासून बँडबरोबर उभं राहायचं आणि घरी रोज पंधरा मिनिटं गज. त्या पंधरा मिनिटांत मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं, पांढरी ५ वर, आणि गजाने लांब सा, लांब प, मग रे आणि म. स्वर जुळला की दोन्ही आवाजांमधलं घासणं थांबतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. इथल्या एका कार्यशाळेत मी हे करून दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग तंबोऱ्याचं ॲप उतरवून घेत होता.

लयीसाठी मेट्रोनोम अर्ध्या वेगाला लावा आणि तो ठोका म्हणजे 'चक्' असं समजा. स्वतःचा 'धूम' त्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडायला हवा. पहिल्या आठवड्यात वैताग येतो. पण हा एक सराव मी आजही सोडलेला नाही.

नवी तार · १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

दोघांनाही मनापासून धन्यवाद. १-२-४ लिहून भिंतीवर लावलंय.

आता खरा अडसर : वाद्य. पुण्यात भाड्याने मिळेल असं कुणी अजून सांगितलेलं नाही. नवं घ्यायचं तर माझ्या बजेटबाहेर. बँडमधला एक जण म्हणतोय, इलेक्ट्रिक बेस घे, स्वर तेच आहेत, बसमध्ये नेता येतो. काय करू?

ठेका · १३ ऑगस्ट, रात्री १०:४५

तुमच्या मित्राचं चूक नाही. खांद्यावर अडकवून लोकलमध्ये चढता येतं.

खर्जातला · १४ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मित्राचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये पडदे असलेला इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला तो याच अडचणींसाठी : डबल बेस न्यायला अवघड, आवाजात मागे पडतो, सुरात लागायला कठीण. मला त्या वाद्याबद्दल आदर आहे. वाद्य मिळेपर्यंत इलेक्ट्रिकवर सा-प-म-रे पक्कं करा, काही वाया जाणार नाही.

तरीही दोन गिटार आणि क्लॅरिनेट असा बिन-ड्रमचा, बिन-विजेचा संच असेल तर मी डबल बेसचा आग्रह धरेन. इलेक्ट्रिकचा स्वर लांब आणि सपाट चालतो. डबल बेसच्या स्वराला सुरुवातीला लाकडाचा ठोका असतो, मग तो फुगतो आणि आपणहून ओसरतो. तो ठोका म्हणजे तुमचा ड्रम. शिवाय इलेक्ट्रिकला स्पीकर लागतो, आणि स्पीकर आला की गिटारवाले मोठ्याने वाजवू लागतात, मग त्यांनाही स्पीकर लागतो. दिवाणखान्यात बसून एकमेकांचा श्वास ऐकू येण्यातली जी मजा आहे ती जाते. हे माझं मत, पण नऊ वर्षांनी झालेलं.

वाद्य निवडताना प्लायवूडचं घ्या. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. शिकागोच्या 'के' नावाच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या मध्यात प्लायवूडचे बेस हजारोंनी बनवले. शाळांचे वाद्यवृंद, ब्लूग्रास, जॅझ, रॉकाबिली, सगळीकडे ते वाजले, आणि आज लोक ते शोधत फिरतात. भरीव लाकूड कोरून केलेल्या बेसचा आवाज खोल असतो यात वाद नाही. पण त्याला कोरडी हवा सोसत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात घरातली हीटर सुरू झाली की कोरीव बेसच्या छातीला चीर जाते. तुमच्याकडे उलट, चार महिने ओल आणि मग मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळा. प्लायवूड हे सगळं सहन करतं.

आणि किमतीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जुळणी. माझा पहिला बेस भाड्याचा होता. तार मानेवरच्या फळीपासून, जिच्यावर बोटं दाबतात तिच्यापासून, इतकी वर होती की दोन गाण्यांत हात थरथरायचा. मी समजलो, आपल्यात ताकद नाही. वर्षभर तसंच वाजवलं. मग एका जुन्या दुरुस्तीवाल्याने ब्रिज, म्हणजे घोडी, तासला, वरची खाच खोल केली, आणि तेच वाद्य लोण्यासारखं झालं. फळीच्या टोकाशी बारीक जी तार पाच-सहा मिलिमीटर, जाड ई तार आठ-नऊ मिलिमीटर उंच, एवढं असलं की स्टीलच्या तारांवर बोटाने वाजवणाऱ्याला आरामात पुरतं. पट्टी घेऊनच बघायला जा.

मिरजवाला · १४ ऑगस्ट, दुपारी ४:१०

सांगलीकरांना मिरजेकडून रामराम. आमच्याकडे सतार-तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्पिढ्या आहेत. ब्रिज तासायचं काम ते करतील का?

खर्जातला · १४ ऑगस्ट, रात्री ९:००

रामराम! लाकडाचा हात त्यांच्याइतका कुणाचा नाही. पण जवारीचं तत्त्व इथे उलटं आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि सपाट, तार तिच्यावर घासत राहावी म्हणून. बेसची घोडी उभी आणि वर निमुळती, तार घासली तर दोष. शिवाय पेटीच्या आत घोडीच्या एका पायाखाली एक काठी उभी असते, साउंडपोस्ट. ती चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाने अडकलेली असते. ती दोन-चार मिलिमीटर सरकली तरी आवाज बदलतो. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते माहीत असतं. असा कुणी असेल तर आधी त्याला दाखवा, मग घोडी तासायला मिरजेला बिनधास्त न्या.

मांडवीकाठ · १५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

धागा वाचून राहवलं नाही. मी पणजीजवळची. आमच्या वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) मे महिन्यात लदीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, व्हायची. आमचं घर हिंदू, पण आम्ही मुलं चण्यांसाठी आणि संगीतासाठी हटकून जायचो. दोन व्हायोलिनं आणि एक मोठं थोरलं वाद्य, त्याला सगळे रबेकांव म्हणायचे. पोर्तुगीजमधला हाच शब्द, हेच वाद्य. वाजवणारा माणूस दिवसा सुतारकाम करायचा. चर्चच्या शाळेत लहानपणी सोल्फा (पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकलेला, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायचा. तेव्हा वाटायचं, हा काही विशेष करत नाही. एका वर्षी तो आजारी पडला आणि नुसती व्हायोलिनं वाजली. प्रार्थना तीच, पण माझी आजी म्हणाली, आज देवाला ऐकू गेलं नसेल.

अशाच शाळांतून शिकलेले गोवेकर मुंबईत गेले. १९३५ मध्ये अमेरिकन जॅझवादक लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर तिथे जॅझ रुजला आणि गोव्याचे वादक त्यात शिरले. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत तेच होते. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं निदान काहींना ठाऊक आहेत. पण मागे उभं राहून बेस वाजवणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. जुनी गाणी हेडफोनवर ऐकली की त्यांची बोटं ऐकू येतात.

नवी तार, मला एक आठवण झाली. चौकशी करून कळवते.

खर्जातला · १५ ऑगस्ट, रात्री ८:२०

मांडवीकाठ, तुमच्या आजीचं वाक्य मी बेसच्या पेटीच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवणार आहे. सुतार दिवसा काम करून संध्याकाळी रबेकांव वाजवायचा, आणि आमचा प्लंबर मंगळवारी मँडोलिन काढतो. मला ही एकच परंपरा वाटते.

भारतीय संगीताशी या वाद्याचं नातं जुळतं का, असं एकाने व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं. झाकीर हुसेन, बँजोवाला बेला फ्लेक आणि बेसवाला एडगर मायर या तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र वाजवलं, पुढे राकेश चौरसियाही त्यांच्यात आले आणि २०२४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. मायर गजाने वाजवतो. ठेका, तुम्हाला हवी ती मींड तिथे आहे.

ठेका · १६ ऑगस्ट, रात्री १२:१५

ऐकलं. तीनदा ऐकलं. बेसवर झाकीरभाईंचा बायाँ बोलतो तेव्हा दोन खर्ज एकमेकांना जागा देतात. मी आता तुमच्या बाजूला.

एक प्रश्न : तुम्हाला गाण्याची संगती आधी माहीत नसते तेव्हा काय करता? अनोळखी गोलात?

खर्जातला · १६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघतो. जी, सी, डी या तीन पकडी नजरेने ओळखता आल्या की बरंच काम होतं. एक धोका : त्याने मानेवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला असेल तर पकड जी ची दिसते आणि स्वर ए चा येतो. म्हणून आधी कॅपो कितव्या पडद्यावर आहे ते बघायचं आणि तेवढं मनात पुढे सरकवायचं. गोलात लोक संगती आकड्यांत सांगतात, एक-चार-पाच. बोटं वर करूनही दाखवतात. आपल्याला सा-म-प म्हणून ते लगेच कळतं.

काळी ५ किंवा पांढरी ७ मध्ये कुणी गाणं सुरू केलं तर जपून. उंच आवाजाच्या गायकांना पांढरी ७ आवडते. तिथे मूळ स्वराला मोकळी तार नाही, जवळजवळ सगळं दाबून वाजवायचं. अशा वेळी मी निम्मे स्वर सोडून देतो, फक्त सम धरतो. कुणाची तक्रार आलेली नाही. उलट जलद गाण्यात दमलो की स्वर सोडायचे, लय सोडायची नाही, हे काकांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

मोठ्या जागेत वाजवायचं तर घोडीवर पिएझो पिकअप, म्हणजे लाकडाची कंपनं पकडणारा छोटा तुकडा, लावतात. तो थेट मिक्सरला जोडला की आवाज पत्र्यासारखा येतो. मध्ये प्रीॲम्प (आवाज आधी सावरून पुढे पाठवणारी डबी) घाला, ज्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या विजेला होणारा विरोध) किमान १ मेगाओम असेल, आणि अगदी खालची गडगड कापायचं बटण असेल तर उत्तम. आम्ही शक्यतो एकच माइक ठेवतो, सगळे त्याच्याभोवती, ज्याची पाळी तो पुढे येतो. मी मागे, कधीच हलत नाही.

मांडवीकाठ · २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

नवी तार, तुम्हाला व्यनि केला आहे. ओळखीच्या एका घरी प्लायवूडचा बेस पंधरा वर्षं कपाटामागे उभा होता. वाजवणारे आजोबा गेले. घरच्यांना विकायचा नाही, पण कुणी वाजवणार असेल तर द्यायला तयार आहेत. अट एकच, वर्षातून एकदा खुरसापाशी आणून वाजवायचा.

नवी तार · २ सप्टेंबर, रात्री ११:४०

आणला. आम्ही तिघं जाऊन घेऊन आलो. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे पाडून, मान डॅशबोर्डकडे करून, खाली दोन गाद्या. घाटात मी मागे बसून पूर्ण वेळ घोडीवर हात धरून होते.

तारा गंजल्या आहेत, नव्या घेतल्या आहेत. उद्या व्हायोलिनवाल्या काकांकडे नेण्याआधी आज जुन्या काढून साफ करू का?

खर्जातला · २ सप्टेंबर, रात्री ११:४८

थांबा! सगळ्या एकदम सोडू नका. दाब गेला की साउंडपोस्ट आत पडेल आणि घोडीही. एक काढा, तिच्या जागी नवी चढवा, थोडी ताणा, मग दुसरी. दर तारेनंतर घोडी बाजूने बघा, वरचा काठ फळीकडे झुकत असेल तर दोन्ही हातांनी हलकेच मागे घ्या. रात्र झालीय, घाई असेल तर उद्यावर टाका.

नवी तार · ३ सप्टेंबर, रात्री १:१०

एकही सोडली नव्हती, आधी विचारलं. एकेक करून चारही बदलल्या. घोडी सरळ आहे. तंबोरा पांढरी ५ वर लावून जी जुळवली, मग डी, मग ए. ई ला सगळ्यात वेळ लागला, कानाला ती कुठे थांबते तेच कळेना, शेवटी पेटीला गाल लावून जुळवली. शेजारच्या खोलीतून आई उठून आली आहे. ती म्हणते, अजून एकदा वाजव.